पाण्यातलं मॅट पीयू: टेबलाला पास, जुन्या कपाटाला नापास

लाकडाला काय लावू, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "पीयू मारून टाका, पुन्हा बघायला नको." पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, लाकडावर पारदर्शक थर धरणारं फिनिश. मला त्या "बघायला नको"चीच धास्ती वाटते. वापरातल्या टेबलावर आज ना उद्या ओरखडा पडणारच. म्हणून फिनिश पहिल्या दिवशी किती चमकतं याच्याशी मला फारसं देणंघेणं नसतं. खराब झालं की माझं मला दुरुस्त करता येईल का, हे मी आधी बघते. पाण्यात बनवलेलं, हार्डनर (थर कडक व्हावा म्हणून वेगळ्या डब्यातून मिसळायचं रसायन) न लागणारं मॅट पीयू मी याच हिशेबाने वापरून बघितलं: लिहिण्याच्या टेबलावर, पुस्तकांच्या पांढऱ्या शेल्फवर आणि एका जुन्या कपाटाच्या फळीवर.

डबा उघडला की आत दुधासारखं पांढरं काहीतरी दिसतं आणि पहिल्यांदा वापरणारा दचकतो. त्यात राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडालं की ते एकमेकांत मिसळून पारदर्शक थर होतो. तळाशी मात्र साका बसलेला असतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. चमक घालवण्यासाठी मॅट पीयूमध्ये सिलिकाची बारीक पूड घातलेली असते, तिच्यामुळे पृष्ठभागावर उजेड विखुरतो आणि मॅट दिसतं. ती पूड तळाशीच राहिली तर अर्धं टेबल चकाकतं आणि अर्धं मलूल दिसतं. डबा खळखळवायचा नाही, बुडबुडे होतात. चपट्या काठीने तळापासून ढवळायचं, काम चालू असतानाही अधूनमधून ढवळत राहायचं. आणखी एक: मॅटचे थरावर थर चढवले की त्या पुडीमुळे लाकडाच्या रेषा धुरकट दिसायला लागतात. खालचे हात चकचकीत प्रकाराचे आणि फक्त शेवटचा मॅटचा, असं केलं की रेषा स्वच्छ राहतात. यासाठी दोन डबे घ्यावे लागतात, हे मला आवडलेलं नाही.

पहिल्या हातानंतर लाकूड केसाळतं. तळवा फिरवला की दोन दिवसांच्या दाढीवरून फिरवल्यासारखं लागतं. डब्यात खोट नाही, पाणी लागलं की लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात, इतकंच. मी आता आधीच ओल्या फडक्याने लाकूड पुसून घेते, पूर्ण वाळू देते आणि उभे राहिलेले तंतू २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने उतरवते. मग दोन हातांच्या मध्ये ३२० नंबर हलकासा फिरवला की पुरतं. स्टील वूल मात्र लांब ठेवा. त्याचा एखादा तंतू लाकडात अडकला आणि वर पाण्यातलं फिनिश आलं, की गंज धरतो; ओकसारख्या टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या लाकडावर तर काळे ठिपके उठतात.

ब्रश नायलॉनचा हवा. नैसर्गिक केसांचा ब्रश पाणी पिऊन लुळा पडतो. आणि हात भराभर चालला पाहिजे, कारण हे लवकर सुकायला लागतं. अर्धवट सुकलेल्या जागेवर "जरासं सारखं करू" म्हणून पुन्हा ब्रश फिरवला की ब्रशच्या रेघा कायमच्या उमटतात. राहून गेलेली जागा दिसली तरी हात आवरायचा, पुढच्या थरात बघू.

वास जवळजवळ नाही, खिडकी उघडी असली की त्याच खोलीत बसता येतं. इथे हे फिनिश दोन डब्यांच्या, म्हणजे हार्डनर मिसळाव्या लागणाऱ्या पीयूला सरळ मात देतं. दोन डब्यांचं पीयू जास्त कणखर आहे, थिनर सांडला तरी सहसा दाद देत नाही, यात वाद नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो, आणि फवारणी करताना साधा कापडी मास्क काहीच कामाचा नाही. शिवाय दोन्ही डबे एकत्र केले की काही तासांत काम उरकावं लागतं, उरलेलं घट्ट होऊन फेकायचं. ते काम फवारणीची नीट सोय असलेल्या कारागिराचं.

आता दुरुस्ती. नुसत्या बाह्या टेकून टेकून माझ्या टेबलाच्या पुढच्या कडेला दोन चकाकणारे पट्टे उमटलेत. मॅटला घासलं की ते पॉलिश होतं, त्याला इलाज नाही. ओरखड्याचंही तसंच. पीयूचा नवा थर जुन्यात विरघळत नाही, जुन्याला घासून केलेल्या खरखरीवर तो नुसता धरून राहतो. त्यामुळे मधलीच जागा दुरुस्त करायला गेलं तर ठिगळाची कड दिसते. संपूर्ण वरची फळी हलकी घासायची आणि कडेपासून कडेपर्यंत एक हात मारायचा, हाच मार्ग. एका निवांत सकाळी होणारं काम आहे आणि त्यासाठी कुणाला बोलवावं लागत नाही. म्हणून टेबलाला पास.

जुन्या कपाटाला मात्र नापास. गडद लाकडावर हे फिनिश निर्जीव दिसतं, रंगाला ऊब येत नाही. आणि जुन्या कपाटावर बहुधा लाखेचं पॉलिश असतं, तेच राहू द्यावं या मताची मी आहे. खात्री करायची तर मागच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाका. थोड्या वेळाने जागा चिकट झाली तर लाख. लाखेवर पाण्याचे पांढरे गोल उठतात, उष्णता तिला सोसत नाही, सगळं खरं. पण चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं ताजं पॉलिश बोळ्याने फिरवलं की ते जुन्या थरात विरघळून एकजीव होतं. जोड शोधूनही सापडत नाही. असं फिनिश खरवडून त्यावर पीयू चढवणं मला तरी जिवावर येतं. चपडा विरघळवून वर्षभर ठेवलेला मात्र वापरू नका, तो नीट कडक होत नाही.

या दोघांची सोयरीकही जमते. मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात खाली आणि वर पाण्यातलं पीयू, असं केलं तर गडद लाकडाला हवा तो उबदार रंग मिळतो. मेण असलेली लाख खाली चालत नाही, वरचा थर सुटतो.

पांढऱ्या शेल्फवर याने कमाल केली. तेलातलं व्हार्निश पांढऱ्यावर पहिल्यापासूनच पिवळी झाक आणतं, आणि तेलातला इनॅमल तर अंधारात जास्तच पिवळा पडतो, पुस्तकांमागची भिंत आणि पुढची कड दोन वेगळ्या रंगांची दिसायला लागते. हे पांढरं पांढरंच राहिलं. एक सबुरी हवी: दोन तासांत हाताला सुकलेलं लागलं तरी पूर्ण पिकायला तीन-चार आठवडे जातात. त्याआधी जड पुस्तकं रचली तर खालचे पुठ्ठे चिकटतात आणि उचलताना कागदाचा पापुद्रा फळीवर राहतो.

फळी कुठलीही असो, खालच्या बाजूलाही तितकेच हात द्या. वरून बंद आणि खालून उघडी फळी दमट हवेत एका बाजूनेच ओल घेते आणि वाकते. ही बाजू कुणाला दिसत नाही म्हणून कारागीरही ती हमखास गाळतात.

जवसाचं तेल लावण्याचा विचार असेल तर त्यावर वेगळं लिहावं लागेल. तोवर एवढंच पाळा: तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. बाहेर एकेरी पसरून वाळवा.

उरलेलं पीयू त्याच डब्यात ठेवलं तर वरच्या रिकाम्या जागेतल्या हवेने त्यावर साय धरते. छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, आणि पुढच्या वेळी जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या. सायीचा एक कण जरी ब्रशखाली आला तरी तो सुकलेल्या फळीवर बोटाला लागतोच.