लेकीकडे लंडनला जाताय? शनिवारी सकाळी पार्करनला जाऊन याच (वय ६३, चार वेळा तिथं पळाले)

मे महिन्यात मुलांकडे परदेशी जाणारे आईवडील आता सोलापुरात प्रत्येक गल्लीत एक तरी सापडतात, इथं ४२-४३ च्या उन्हात भाजून निघण्यापेक्षा तिकडं नातवंडात दीड महिना बरा जातो. मी पण यंदा गेले होते. पण तिकडं गेलं की आपलं सकाळचं चालणं-पळणं पार बंद पडतं, रस्ते माहीत नसतात, सोबत कोणी नसतं, आणि मग परत येईपर्यंत ४ किलो वजन वाढून गुडघे कुरकुरायला लागतात. म्हणून पार्करनबद्दल (तिकडच्या बागांतलं शनिवारचं फुकट पळणं) हे मुद्दाम लिहितीये, माझ्यासारख्या पळणाऱ्या (किंवा नुसत्या भरभर चालणाऱ्या) साठीपुढच्या मंडळींसाठी.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते. शाळेतून ५८ व्या वर्षी रिटायर झाले, मग पार्क मैदानाला चालायला जायला लागले, तिथल्या दोघी-तिघी हळूहळू पळायच्या त्यांच्या नादाने मी पण पळायला लागले. वेग काही फार नाही. पण आठवड्यातून चार दिवस पळतेच, कधी पार्कला, कधी कंबर तलावाच्या बाजूला. घरातले आधी म्हणायचे या वयात पळायचं कशाला, गुडघे जातील, आता म्हणायचं सोडलंय.

तर पार्करन म्हणजे काय ते सांगते. दर शनिवारी सकाळी एखाद्या बागेत ५ किलोमीटर पळायचं, वेळ मोजून देतात, आणि एक पैसा घेत नाहीत. पहिल्यांदा लेकीनं सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना, म्हणलं नंतर काहीतरी विकतील, मेंबरशिप घ्या म्हणतील. तसलं काहीच नाही. २ ऑक्टोबर २००४ ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट नावाच्या गृहस्थानं हे सुरू केलं, त्याला दुखापतीमुळं स्वतःला पळता येत नव्हतं म्हणून त्यानं मित्रांना पळवलं आणि आपण घड्याळ धरून उभा राहिला. पहिल्या दिवशी पळणारे १३ जण. नंबराची टोकनं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर आणून त्यावर आकडे ठोकले होते. आज तेच वीसहून जास्त देशांत चालतं आणि अजून फुकटच आहे, सगळं काम स्वयंसेवक करतात.

नोंदणी एकदाच करायची, त्यांच्या वेबसाइटवर, आयुष्यभर तीच चालते आणि जगात कुठंही चालते. नाव, जन्मतारीख, ईमेल, आणि काही झालं तर फोन कोणाला करायचा तो नंबर. मग एक बारकोड मिळतो, ए अक्षर आणि पुढं आकडे. तो फोनवर दाखवला तरी चालतो पण माझं ऐका, कागदावर प्रिंट काढून लॅमिनेट करून घ्या, त्यावर तो घरच्यांचा नंबर पण छापून येतो, आपल्या वयाच्या माणसाला परक्या गावात हे लई उपयोगाचं आहे. मी तर इथूनच काढून नेला होता, शेंगा चटणीच्या डब्याबरोबर.

पहिला शनिवार बुशी पार्कलाच गेले, लेकीच्या घरापासून गाडीनं पंधरा-वीस मिनिटं. वेळ सकाळी ९ ची. आता मला पहाटे ५ ला जाग येते आणि तिकडं मे-जूनमध्ये पाचला लख्ख उजेड असतो, त्यामुळं चार तास नुसतं बूट घालून बसल्यासारखं झालं. आपल्याकडं ९ ला पळायचं म्हणलं तर लोक वेड्यात काढतील, इथं मेमध्ये सातलाच अंगाची काहिली होते. तिथं ९ ला अंगावर स्वेटर होता.

बाग म्हणजे काय, विचारूच नका. चेस्टनटच्या झाडांच्या लांबलचक रांगा, मोकळी हरणं चरत असतात (त्यांच्यापासून ५० मीटर लांब राहायचं असा नियम आहे), आणि माणसं हजाराच्या वर. हजार. मी एका कडेला लेकीचा हात धरून उभी, अंगात पंजाबी ड्रेसचा टॉप आणि खाली ट्रॅकपँट, वाटलं सगळे आपल्याकडंच बघतील. कोणी बघत नव्हतं. बाबागाडी ढकलत पळणाऱ्या बाया होत्या, डोक्याला हिजाब बांधलेली एक मुलगी होती, माझ्यापेक्षा म्हातारे तर कितीतरी. पहिल्यांदा आलेल्यांना बाजूला बोलावून एक बाई सगळं समजावून सांगतात, इंग्रजी जरा भरभर होतं पण मुद्दा कळला, ही शर्यत नाही, चाला नाहीतर पळा, सगळ्यात शेवटी आमचा माणूस असतो त्यामुळं तुम्ही शेवटचे येणारच नाही.

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा नीट समजलं नव्हतं.

पळणं छान झालं. रस्ता अगदी सपाट, एकच मोठा फेरा, कुठं डांबरी, कुठं गवत, कुठं खडी, बूट चांगले घाला. वळणावळणावर फ्लोरोसंट जॅकेट घातलेले लोक टाळ्या वाजवतात. शेवटाला दोऱ्या बांधून एक बोळ केलेला असतो, रेघ ओलांडली की एकजण स्टॉपवॉचचं बटण दाबतो, बोळातून रांगेतच चालायचं, पुढं हातात कितवे आलात त्या आकड्याचं टोकन देतात, मग पुढच्या माणसाकडं जाऊन आधी आपला बारकोड आणि मग ते टोकन स्कॅन करून घ्यायचं. टोकन परत द्यायचं बरं का, आठवण म्हणून पिशवीत टाकू नका.

माझं झालं आणि मी केळं खात तिथंच गवतावर बसले. लेक म्हणाली चल आई, कॉफी घेऊ. म्हणलं थांब जरा, अजून येतायत लोक. अर्धा तास झाला, पाऊण झाला, येणारे कमी होत गेले. आणि मग तासाच्या वर होऊन गेल्यावर एक आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे सहज असतील, दोन्ही हातात काठ्या, पांढरी टोपी, एक काठी टेकायची मग एक पाऊल मग दुसरी काठी. त्यांच्या मागं दोन पावलं सोडून एक जॅकेटवाली बाई, पाठीवर टेल वॉकर (म्हणजे सगळ्यांच्या शेवटी चालणारी) लिहिलेलं, ना घाई करत होती ना पुढं जात होती. आणि घड्याळवाला अजून तिथंच उभा. टोकनवाली उभी. आजोबांनी रेघ ओलांडली, त्यानं बटण दाबलं, जसं पहिल्या आलेल्या पोरासाठी दाबलं होतं अगदी तसंच, टोकन दिलं, स्कॅन केलं, आणि मग त्यांच्या मागून ती बाई आली. तेव्हा मला ते वाक्य कळलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरं सांगते.

कारण मला दुसरं आठवलं. तीन वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात एका मोठ्या स्पर्धेत (नाव घेत नाही) पैसे भरून १० किमी पळले होते. मी पोचले तेव्हा कमान उतरवायचं काम चालू होतं, पाणी संपलेलं, मेडल संपलेली, बुटाला चिप बांधली होती तिची वेळ आजतागायत आलेली नाही. दोनदा मेल केला, उत्तर नाही. त्या दिवशी घरी येऊन मी कोणाशी बोलले नव्हते. हळू पळणाऱ्यांनी पैसे तेवढेच भरलेले असतात हो, आणि घाम पण तेवढाच गाळलेला असतो, उलट आपण उन्हात जास्त वेळ असतो.

दुपारी जेवायच्या आत पार्करनचा मेल आला. ३९ मिनिटं १२ सेकंद. त्यात नुसती वेळ नसते, आपल्या वयाच्या बायकांत आपण कितव्या ते असतं (माझा गट व्हीडब्ल्यू ६०-६४, म्हणजे साठ ते चौसष्टच्या बायका), आणि एज ग्रेड म्हणून एक टक्केवारी असते. ती मला सगळ्यात आवडली. तुमच्या वयाच्या बाईची जगातली जी सगळ्यात भारी वेळ असेल तिच्याशी तुमची वेळ ताडून बघतात, म्हणून २५ वर्षाच्या पोरीशी तुलनाच नाही. माझे पन्नास टक्क्याच्या जरा खाली होते. शिक्षिकेचा जीव, पन्नासच्या खाली मार्क म्हणल्यावर झोप येईना.

दुसऱ्या शनिवारी घात झाला. टॉप बदलला आणि बारकोड आधीच्या टॉपच्या खिशात राहिला, फोन पण घरी. पळू देतात, टोकन देतात, पण बारकोड नाही तर वेळ नाही हा नियम सगळ्यांना सारखा. निकालात माझ्या जागी अननोन. मला वाटत होतं त्या दिवशी चांगली पळाले होते. नियम बरोबरच आहे, हजार माणसांची नावं हातानं कोण लिहिणार, पण तुम्ही हे करू नका, आदल्या रात्रीच बुटात घालून ठेवा.

पुढं आम्ही सगळे एडिनबरो बघायला गेलो. जावयांनी शुक्रवारी रात्री आपणहून विचारलं, उद्या तुमचं पळणं आहे ना? तिथलं पार्करन क्रॅमंडला समुद्रकाठच्या रस्त्यावर असतं, स्कॉटलंडमध्ये वेळ ९ नाही, साडेनऊ. सपाट रस्ता, पण वारा असा की जाताना कोणीतरी छातीवर हात ठेवून मागं ढकलतंय असं वाटतं आणि येताना पाठीवर. तोच बारकोड, तेच टोकन, एक शब्द कोणाला विचारावा लागला नाही. ३७:४८. फिरायला गेलेल्या गावी त्या गावच्या माणसांबरोबर पळायचं याची मजा वेगळीच आहे, किल्ला तर सगळेच बघतात. तिथं एकाच्या पाठीवर ५०० लिहिलेला टीशर्ट होता, म्हणजे ५०० वेळा पळलेला. शनिवार एकही चुकवला नाही तरी साडेनऊ वर्षं लागतात, हिशोब करा.

एका शनिवारी पळाले नाही, स्वयंसेवक म्हणून उभी राहिले. हे पण कोणालाही करता येतं, आधी कळवावं लागतं, लेकीनं मेल केला. मला एका वळणावर उभं केलं, काम एवढंच की लोकांना डावीकडं हात दाखवायचा आणि टाळ्या वाजवायच्या. वेल डन, कीप गोइंग, दोन शब्द पुरले. मग एक आपल्याकडची दिसणारी बाई धापा टाकत आली तर तोंडातून निघूनच गेलं, चला चला, थोडंच राहिलं! ती थबकली, हसली आणि म्हणाली अय्या, मराठी? नंतर भेटलो, सांगलीची निघाली.

शेवटचा शनिवार पुन्हा बुशीला, ३७:०५, आणि टक्के पन्नासच्या वर गेले. त्या दिवशी लेकीनं गव्हाची खीर केली.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पाण्याची बाटली आपली आपण न्या, वाटेत पाणी नसतं. सामान सांभाळायला कोणी नसतं, कमीत कमी न्या. बाथरूम प्रत्येक बागेत जवळ असेलच असं नाही, त्या त्या जागेच्या पानावर लिहिलेलं असतं ते आधी वाचा, आणि त्या दिवशी रद्द तर नाही ना ते पण सकाळी बघून निघा. वेळ सुरुवातीच्या इशाऱ्यापासून मोजतात, आपण रेघ ओलांडल्यापासून नाही, त्यामुळं मोठ्या गर्दीत आपल्या घड्याळापेक्षा त्यांची वेळ जास्त येणार, ज्यांना सेकंदा-सेकंदाचं पडलंय त्यांनी लहान गावातलं पार्करन शोधावं. पण गर्दी असली तरी साठीच्या माणसानं पुढं उभं राहू नये, पोरं धक्का मारून जातात, मुद्दाम नाही, पण आपलं हाड मोडलं की महिना गेला. बीपीची गोळी असेल त्यांनी जायच्या आधी इथल्या डॉक्टरांना विचारून जा, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच.

पाचपैकी पाच. अर्धा कापायला कारण शोधलं, सापडलं नाही.

परत येऊन आता तीन आठवडे झाले. परवा यांनी न सांगता हार्डवेअरच्या दुकानातून वीस वॉशर आणले, परमनंट मार्करनं १ ते २० आकडे घातले आणि सुतळीत ओवून दिले. कंबर तलावाच्या बाजूला फोनवर मोजून ५ किलोमीटर आखलेत, शनिवारी पहाटे साडेपाचला, पार्करन म्हणत नाही, ते नाव त्यांचं आहे, आपलं साधं शनिवारचं पळणं. पहिल्या वेळी सात जण आलो. माझ्या शेजारच्या काकू ७१ वर्षांच्या आहेत, त्या चालत आल्या, १ तास ४ मिनिटं, हे घड्याळ धरून उभे होते, आणि सात नंबरचा वॉशर मी त्यांच्या हातात दिला. परत मागितला तर म्हणाल्या, राहू दे की आजच्या दिवस.