रब्बीला गहू की मका? आधी बोअरचं पाणी तपासा

गिरणा धरण भरलं की पाचोरा-भडगावकडे पारावर एकच चर्चा: गहू टाकायचा की मका? भाव, मजुरी, चारा, सगळ्याचा हिशोब होतो. पाणी किती आहे तेही विचारतात. कसं आहे, ते कोणी विचारत नाही.

मका खाऱ्या पाण्याला फार नाजूक. पाण्याचा ईसी, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप (डेसिसायमन प्रति मीटर), 1.1 च्या वर गेला की उतारा घटू लागतो, 1.7 ला दहावा हिस्सा जातो, 3.9 ला निम्मा. गहू मात्र 4 पर्यंत तग धरतो, ज्वारी 4.5 पर्यंत. पण हे आकडे चांगल्या निचऱ्याच्या जमिनीचे. आपल्या भारी काळ्या रानात क्षार खाली धुऊन जात नाहीत, तेव्हा मर्यादा बरीच अलीकडेच धरा.

माझ्या बोअरचा ईसी 2 निघाला. एकरी 6 सेंटिमीटरच्या पाच पाळ्या धरल्या, तर त्या पाण्यातून जवळपास दीड टन मीठ रानात पडतं. त्या दिवशी मका डोक्यातून गेला.

गहूही उगवताना हळवाच असतो. म्हणून पाटाचं गोडं पाणी पेरणीला आणि 18 ते 21 दिवसांच्या पाळीला राखून ठेवायचं, तेव्हा मुकुटमुळं फुटतात. बोअरचं त्यानंतर. आवर्तन लांबलं तर हे गणित कोलमडतं, हा यातला धोका. पाटाचा भरवसाच नसेल, तर दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, बरी. ती मुळात जमिनीतल्या ओलीवर येते.

आता घरातली गोष्ट. विहिरीच्या पाण्यात आमची तूरडाळ शिजता शिजत नाही, बोअरच्या पाण्यात पटकन शिजते. म्हणून घरात बोअरचं कौतुक. पण विहिरीतलं कॅल्शियम डाळीला नडतं, जमिनीला नाही. उलट, डाळ लवकर शिजवणारं पाणी सोडायुक्त असू शकतं. असं पाणी काळी माती चिकट करतं, वाफ्यात पाणी साचून राहतं आणि गहू पिवळा पडतो. हे ईसीवरून कळत नाही, त्यासाठी आरएससी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचा सोडा (मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर), बघावा लागतो: 1.25 च्या आत बिनघोर, 2.5 च्या वर जिप्समशिवाय हात लावू नका.

तपासणीला पाण्याचा नमुना घेताना मोटर अर्धा तास चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळा. खताची किंवा औषधाची रिकामी बाटली नको. चिठ्ठीवर विहीर की बोअर, तेही लिहा.