दुबईची बाईक इकडे आणायची: कार्नेवर की कायमची?

दुबईहून परतणाऱ्या मित्राचा जीव बाईकमध्ये अडकलाय. आणू का, म्हणतो. आणायचे रस्ते दोन: कार्ने, म्हणजे गाडी तात्पुरती देशात आणण्याची कस्टमची पुस्तिका, नाहीतर कायमची आयात.

खर्च बघितला तर कार्ने स्वस्त. तिथला ऑटोमोबाइल क्लब हमीची रक्कम घेऊन ही पुस्तिका देतो. इथे कस्टम ड्युटी नाही, दुबईचीच नंबर प्लेट चालते. पण गाडी सहा महिन्यांत देशाबाहेर न्यावी लागते, विकता येत नाही. आत येताना आणि बाहेर जाताना पुस्तिकेच्या पानावर कस्टमचा शिक्का हवाच. बाहेर पडतानाचा राहिला तर हमी अडकते.

कायमची आणायची तर आधी चासीवरचं उत्पादन वर्ष बघा. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि उतरवायची फक्त मुंबई बंदरात. मग जबर ड्युटी. त्यानंतर आरटीओ: फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), बिल ऑफ एंट्री (कस्टममधला आयातीचा कागद), विमा, तपासणी, एकरकमी रोड टॅक्स, शेवटी एचएसआरपी प्लेट. बिल ऑफ एंट्रीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या, नाहीतर काम तिथेच अडतं.

लडाख फिरून परत जाणाऱ्याने कार्नेच घ्यावं. इथे मिळतच नाही असं मॉडेल, तेही तीन वर्षांच्या आतलं असेल, तरच कायमची आणा. साध्या बाईकसाठी मी दोन्ही सुचवणार नाही; तिकडे विकून इथे नवी घ्यावी.