कागदावर ४०६०, खोक्यात भलतंच: गेमिंग लॅपटॉपच्या ‘फ्री अपग्रेड’ची फसवणूक

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात गेलेल्या एका मुलासाठी घरच्यांनी दुकानातून कोटेशन मागवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ओळी आल्या, प्रत्येकीत आधी प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि शेवटी किंमत. पहिली: आय५-१२४५०एच, आरटीएक्स ३०५०, ८ जीबी रॅम, ६६,००० रुपये. दुसरी: आय७-१२६५०एच, आरटीएक्स ४०६०, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी (फाइल साठवायची डिस्क), ८४,५०० रुपये. तिसरी: आय५-१३४५०एचएक्स, आरटीएक्स ४०६०, १६ जीबी, ५१२ जीबी, १,१२,००० रुपये. अशा कागदावर कुणीही दुसऱ्या ओळीवरच बोट ठेवेल. ग्राफिक्स कार्ड तेच, रॅम तेवढीच, वर आय५च्या जागी आय७, आणि साडेसत्तावीस हजार वाचतात. शिवाय दुकानदार म्हणाला, ‘५१२ची एक टीबी एसएसडी फ्रीमध्ये करून देतो.’ घरच्यांनी पैसे भरले.

या कोटेशनमध्ये खोटा शब्द एकही नव्हता. जे लिहिलं नव्हतं, नुकसान त्यातून झालं. म्हणून आधी ते पाहू.

लॅपटॉपमधला ४०६० हा एका ठरलेल्या ताकदीचा भाग नसतो. ही चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने त्याला ३५ ते ११५ वॅट अशी मुभा दिली आहे, आणि डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरच्या वाट्यातून गरजेला वळवलेले, २५ वॅट धरले तर तो १४० पर्यंत जातो. किती वॅट द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी पंखे, पाइप आणि बॉडीची जाडी बघून ठरवते. दुसऱ्या ओळीतला ४०६० होता ७५ वॅटचा, तिसऱ्या ओळीतला १४०चा. नाव एकच, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) दोन्हींत ८ जीबी, पण जड गेममध्ये फरक लगेच जाणवतो. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: साधारण शंभर वॅटच्या पुढे या चिपला फारसा फायदा होत नाही. त्यामुळे ११५ आणि १४० यांच्यातल्या फरकासाठी जादा पैसे मोजू नका. पण ४५-५० वॅटवर दाबलेला ४०६० हा पूर्ण वॅट मिळणाऱ्या ४०५०च्या, म्हणजे एक पायरी खालच्या कार्डाच्या, जवळपास येऊन बसतो, आणि तरी किंमत ४०६०चीच लावली जाते. वॅटचा आकडा कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर असतो. मशीन समोर असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ ही ओळ दिसते.

आय७चा मोह तर अगदीच फुकाचा. १२६५०एचमध्ये ६ मोठे आणि ४ छोटे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), १६ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). १३४५०एचएक्समध्येही ६ मोठे, ४ छोटे, १६ थ्रेड. म्हणजे ज्याला लोक ‘साधा आय५’ म्हणून मागे सारतात तो कोअरच्या हिशेबात तसूभरही कमी नाही. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्येही असंच फसायला होतं. रायझन ७०००मध्ये तिसरा आकडा पिढी सांगतो: ७७३५एचएसमधला ३ म्हणजे झेन ३ प्लस ही जुनी रचना, ७८४०एचएसमधला ४ म्हणजे नवी झेन ४. आणि ७४३५एचएसमध्ये प्रोसेसरच्या आतलं, कमी वीज खाणारं ग्राफिक्सच नाही. त्यामुळे लेक्चरला नोट्स काढतानाही मोठं कार्ड चालू राहतं आणि बॅटरी भराभर उतरते. कॉलेजला रोज नेणाऱ्याने हे विचारूनच घ्यावं.

पडद्याबद्दल कोटेशनमध्ये फक्त ‘१४४ हर्ट्झ’, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तेवढंच असतं. त्यामागे ४५ टक्के एनटीएससीचा (किती रंग दिसतात त्याचं माप), २५० निट्सचा (उजेडाचं माप) फिका पडदा असू शकतो. त्यावर लाल रंग विटकरी दिसतो, आणि खिडकीजवळ बसलं की काळ्या भागातलं काही कळत नाही. १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप), ३०० निट्स हे लिहून मागा.

आमचं ठाम मत असं: प्रोसेसर, ग्राफिक्स, त्याचे वॅट, पडदा आणि थंड ठेवायची व्यवस्था, यांत नंतर काही बदलता येत नाही किंवा बदलणं परवडत नाही. पैसे तिथे घाला. एसएसडी पुढे वाढवता येते. रॅमही वाढते, फक्त ती बोर्डावर सोल्डर केलेली नाही आणि एक स्लॉट मोकळा आहे ना, एवढं पाहा. दुकानदार नेमका उलटा व्यवहार करतो. स्वस्तातला भाग ‘फ्री’ देतो आणि महागाचं बोलत नाही.

आता त्या फ्री अपग्रेडकडे. एसएसडी बदलायची म्हणून दुकानाने सीलबंद खोकं आतल्या खोलीत नेलं आणि अर्ध्या तासाने ‘सगळं सेटअप करून’ लॅपटॉप आणून दिला. दोन आठवड्यांनी गेम झटके घेऊ लागला. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) ठीक, पण मध्येच चित्र क्षणभर अडकायचं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडल्यावर १६ जीबी बरोबर होती, स्पीड ४८०० बरोबर होता, आणि खाली ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे दोनपैकी एक. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकल्यावर कारखान्यातून निघतानाची यादी मिळाली. त्यात रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. त्या काढून १६ची एक जुनी पट्टी बसवली होती. एकाच पट्टीमुळे रॅमची रुंदी निम्मी होते, आणि गेममधले झटके तिथून येतात.

रॅमची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये बघताना एक चूक बरेच जण करतात. डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमच्या एका पट्टीलाही तिथे ‘२ x ३२ बिट’ दिसतं, आणि माणूस ड्युअल चॅनल, म्हणजे दोन पट्ट्यांची पूर्ण रुंदी, समजून निश्चिंत होतो. दोन पट्ट्या असतील तर ‘४ x ३२ बिट’ दिसायला हवं.

एसएसडीची कथा आणखी वाईट. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे डिस्क चालू राहिलेले तास, ६,१४० निघाले. नव्या लॅपटॉपमध्ये हा आकडा फार तर काही तासांचा असतो. ६,१४० तास म्हणजे साडेआठ महिने अखंड चाललेली डिस्क. हेल्थ ८६ टक्के. लॅपटॉप उलटा केला तर मागच्या एका स्क्रूच्या डोक्यावरची फुली घासून गोल झालेली, आणि झाकणाच्या कडेला पट्टी घालून उचकटल्याची पांढरी रेघ. दुकानाला यात काय मिळतं? नव्या मूळ पट्ट्या आणि नवी एसएसडी सुटी विकली की चांगला भाव येतो. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकल्यावर तर जास्तच.

म्हणून खोकं काउंटरवर, तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. सील फोडण्यापासून सलग व्हिडिओ घ्या, मध्ये कट नको. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या बुडावरचा आणि बायोसमधला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधला) सीरियल नंबर एकच असायला हवा. चालू केल्यावर देश आणि भाषा निवडायचा पडदा आला पाहिजे. थेट डेस्कटॉप उघडला तर मशीन आधी कुणीतरी वापरात घेतलं आहे. चार्जरवर आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा: २० व्होल्ट, ११.५ अँपिअर म्हणजे २३० वॅट; २० व्होल्ट, ८.५ अँपिअर म्हणजे १७० वॅट. कंपनीने लिहिल्यापेक्षा हा आकडा कमी निघाला, तर चार्जर बदललेला आहे. अपग्रेड करायचंच असेल तर ते नंतर, समोर बसून, आणि काढलेले मूळ भाग ताब्यात घेऊन करा. दुकानाने घातलेल्या भागांवर कंपनीची वॉरंटी नसते. दुकानाची ‘टेस्टिंग वॉरंटी’ सहसा काही दिवसांत संपते.

बिलावर ‘गेमिंग लॅपटॉप, १ नग’ असं चालवून घेऊ नका. जीएसटी बिल, त्यावर सीरियल नंबर आणि कंपनीचा पूर्ण मॉडेल कोड हवा. एकाच नावाच्या लॅपटॉपचे वेगळ्या पडद्याचे, वेगळ्या वॅटचे प्रकार या कोडवरूनच ओळखता येतात.

फसलात तर आधी दुकानाला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन जपून ठेवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर शुल्क लागत नाही, मुदत २ वर्षांची असते, आणि दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी २०१९च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

या प्रकरणात कारखान्याची यादी आणि डिस्कचे तास यांचे स्क्रीनशॉट १९१५च्या तक्रारीला जोडले होते. दुकानाने ८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि ५१२ची नवी एसएसडी दिली, जुनी एक टीबी परत घेतली. ७५ वॅटबद्दल मात्र काहीच करता आलं नाही. तो आकडा कंपनीच्या पानावर पहिल्या दिवसापासून होता, आणि दुकानाने तो लपवला असं सिद्ध करायला हातात एकही कागद नव्हता.