हौदाच्या गिलाव्यात मेटाकाओलिन टाकलं, आठ महिन्यांनी लिहितोय

आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, त्यामुळं हौद म्हणजे घराचा जीव, आणि तोच दोन वर्षं झाली झिरपत होता. वॉटरप्रूफिंगचे दोन डबे संपले, फरक शून्य. मग ओळखीतल्या एका इंजिनिअरनं मेटाकाओलिन सुचवलं. चिनी माती साधारण 700-800 डिग्रीला भाजून केलेली पांढरट बारीक पूड, 25 किलोचं पोतं, भाव सिमेंटपेक्षा बराच जास्त. मी ज्या दुकानात गेलो तिथं आधी वॉल पुट्टीच दाखवली, शेवटी ऑर्डर देऊन मागवावं लागलं.

पोतं बघून गवंडी मामा म्हणाले, "मालक, ही तर सुर्खीच की ओ, आमचे आजोबा विटा कुटून चुन्यात घालायचे." चूक नाही बोलले, कारण सिमेंटला पाणी लागलं की आत थोडा चुना मोकळा सुटतो आणि ही भाजलेली माती तोच चुना पकडून आणखी घट्ट माल बनवते, म्हणून बारीक भोकं बुजतात. म्हटलं मग आपली काळी माती भाजून चालेल का, तर नाही, तिची जात वेगळी, भाजून एवढा जोर येत नाही.

आम्ही 45 किलो सिमेंटला 5 किलो पूड धरली, दोन्ही आधी कोरडंच कालवलं मग वाळू. खरी गंमत इथं सुरू होते, पूड इतकी बारीक की पाणी पिऊन टाकते, माल चिकट होतो, थापी ओढत नाही, आणि गवंड्याचा हात आपोआप बादलीकडं जातो!! पाणी वाढवलं की सगळं मुसळ केरात, त्याऐवजी प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल मऊ करणारं रसायन, घालायचं, ते पहिल्या दिवशी आम्हाला माहीतच नव्हतं.

क्युरिंगला टँकर मागवला, दहा दिवस गोणपाट ओलं ठेवलं, तो खर्च वेगळा.

बाकी हीच भाजलेली माती चुनखडीच्या पुडीसोबत घालून एलसी3 सिमेंट बनतं, त्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेले सिमेंटचे मूळ खडे, निम्माच, आणि क्लिंकरला भट्टी लागते 1450 डिग्रीची, म्हणजे कोळसा किती वाचतो बघा. 2023 ला त्याचं आयएस म्हणजे भारतीय स्टँडर्डपण आलंय. आमच्या दुकानदाराला विचारलं तर म्हणे पीपीसी घ्या, फ्लायॲशवालं, म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट.

हौदाला पाचपैकी चार. साध्या भिंतीला एवढे पैसे घालू नका. रात्री पाण्याच्या पातळीला खडूनं खूण करतो, सकाळी पाणी तिथंच. फक्त पहिल्या दिवसाच्या कोपऱ्यात केसासारख्या चिरा आहेत, तिथं मामांनी मी चहा आणायला गेल्यावर तांब्याभर पाणी जास्त ओतलं होतं.