बीएस्सी अ‍ॅक्चुरिअल सायन्स, की संख्याशास्त्र घेऊन पेपर?

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला. बारावीला गणितात चांगले मार्क आहेत, अ‍ॅक्चुअरीच्या पेपरांसाठीची प्रवेशपरीक्षा एसीईटीही सुटली आहे, आणि पुढ्यात दोन फॉर्म आहेत. एक मुंबईतल्या बीएस्सी अ‍ॅक्चुरिअल सायन्सचा आणि दुसरा पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात साध्या बीएस्सीचा, शेवटच्या वर्षी संख्याशास्त्र घेण्याच्या हिशेबाने. "दादा, तू दोन्हीकडे शिकला आहेस, तूच सांग," असं म्हणाली. खरं आहे. मी एक वर्ष अ‍ॅक्चुरिअल सायन्सला काढलं आणि मग पुण्यात येऊन पुन्हा एफवायला बसलो. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. अ‍ॅक्चुअरी म्हणजे विमा, पेन्शन यांतल्या जोखमीचा गणिताने हिशोब मांडणारा माणूस. त्यापुढची माहिती, पेपर किती वगैरे, तुम्हाला असेलच असं धरून चालतो.

एक गोष्ट मात्र आधी सांगायलाच हवी, कारण घरातल्या मोठ्यांचा इथेच घोळ होतो. पदवी कोणतीही घेतली, तरी आपल्याकडे अ‍ॅक्चुअरी म्हणून मान्यता मिळते ती २००६ च्या अ‍ॅक्चुअरीज अ‍ॅक्टखालच्या इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडियाकडून, तिचे पेपर सुटल्यावर. पदवीच्या नावात 'अ‍ॅक्चुरिअल' आहे म्हणून कुणी अ‍ॅक्चुअरी होत नाही. म्हणजे खरा प्रश्न एवढाच, की पेपर देत असताना तीन वर्षं कुठे बसायचं.

अ‍ॅक्चुरिअल सायन्सच्या वर्गाची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे सोबत. बाकावर शेजारी बसलेला मुलगाही सीएस१ चा, म्हणजे इन्स्टिट्यूटच्या संख्याशास्त्राच्या पेपरचा, अभ्यास करत असतो. रात्री अकराला अडलं तर विचारायला माणूस असतो. शनिवारी एका विमा कंपनीत काम करणारे सर शिकवायला यायचे, त्यांच्याकडून प्रीमियम ठरवताना प्रत्यक्षात काय बघतात ते ऐकायला मिळायचं. ते तास मला अजून आठवतात. पुण्याच्या वर्गात साठ जणांत हे पेपर देणारे आम्ही तिघे होतो, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्या वर्षी सोडून दिलं. एकट्याने अभ्यास होत नसेल, तर ही बाजू हलकी समजू नका.

तरीही मी तिथून निघालो, ते एका त्रासापायी. तिथे प्रत्येक धडा दोनदा करावा लागायचा.

अ‍ॅन्युइटीचंच घ्या, म्हणजे माणूस जिवंत असेपर्यंत ठरावीक काळाने मिळत राहणारी रक्कम. सकाळी वर्गात डीएक्स आणि एनएक्स या तक्त्यातल्या तयार आकड्यांचे रकाने, त्यांच्यावरून सूत्र काढायचं, पायऱ्या मांडायच्या, जर्नलमध्ये नीट उतरवायचं. संध्याकाळी तीच अ‍ॅन्युइटी इन्स्टिट्यूटच्या सीएम१ या विमा-गणिताच्या पेपरसाठी एक्सेलमध्ये. दर महिन्याचा हप्ता एका ओळीत, शेजारी जगण्याची शक्यता, त्याच्या शेजारी व्याजाचा घटक, आणि शेवटी हा आकडा वाढला तर का वाढला ते दोन वाक्यांत. गणित एकच, पण उत्तर लिहायची पद्धत पूर्ण वेगळी. मी एका अंतर्गत परीक्षेत इन्स्टिट्यूटच्या सवयीने लिहिलं, दोन ओळी कारण आणि उत्तर. उत्तर बरोबर होतं, पायऱ्यांचे मार्क गेले. मग कॉलेजच्या पद्धतीने लिहायची सवय लावून घेतली, तर इन्स्टिट्यूटच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना वेळ पुरेना. ज्या आठवड्यात सीएस१ होता त्याच आठवड्यात कॉलेजची अंतर्गत परीक्षा लागली, आणि वर ७५ टक्के हजेरीची टांगती तलवार होतीच.

शेवटी ऑफिसात जाऊन सरळ विचारलं, की या पदवीमुळे इन्स्टिट्यूटच्या कोणत्या पेपरला सूट मिळते? खिडकीतल्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "सूट नाही, तयारी होते." तयारी होते हे खोटं नव्हतं. पण एकाच विषयाच्या दोन परीक्षा, दोन पद्धतींनी, तीन वर्षं द्यायच्या आणि त्यातली एक दुसरीला लागू पडत नाही, हे मला पेलवेना. फीचं सांगायचं तर तिथल्या एका वर्षाच्या पैशांत माझी पुण्यातली तिन्ही वर्षं निघून वर थोडे उरले.

हा माझ्या कॉलेजचा अनुभव. काही विद्यापीठांचे इन्स्टिट्यूटशी किंवा ब्रिटनमधल्या अ‍ॅक्चुअरींच्या संस्थेशी करार असू शकतात, तेव्हा आपापलं विचारून घ्यावं. एडिंबराचं हेरियट-वॉट किंवा लंडनचं एलएसई इथल्या अ‍ॅक्चुरिअल सायन्सच्या पदवीला तिथल्या संस्थेची मान्यता आहे, ठरलेले मार्क पडले की सुरुवातीच्या पेपरांना सूट मिळते. तिथे एक धडा एकदाच करायचा असतो. घरची पौंडात फी भरायची ऐपत असेल तर माझा आक्षेप तिथे लागू होत नाही.

आता संख्याशास्त्र. हा वर्ग तुम्हाला अ‍ॅन्युइटी नीट शिकवणार नाही. सीबी२ चं अर्थशास्त्र तर अजिबातच नाही, ते मी सुट्टीत स्वतः वाचलं. सीएम१ मी पहिल्यांदा नापास झालो, दुसऱ्या खेपेला सुटला. ही उणीव खरीच आहे आणि ती भरून काढायची जबाबदारी पूर्ण तुमची. पण सीएस१ आणि त्याच्या पुढचा सीएस२ ज्यावर उभे आहेत ते सगळं तिथे सावकाश, हाताने करून शिकायला मिळतं. वितरणं, अनुमान, रिग्रेशन, आणि प्रॅक्टिकलला आर ही संगणकावरची संख्याशास्त्राची भाषा. सीएस१ च्या बी पेपरला संगणकावर आरमध्येच काम करायचं असतं, तेव्हा मला वेगळी तयारी करावी लागली नाही. तोच धडा दुसऱ्यांदा करतोय असंही कधी वाटलं नाही.

एक प्रॅक्टिकल सांगतो. मुंबईत वर्गातली सगळी गणितं एएम९२ या तक्त्यावर व्हायची. हा १९९१ ते १९९४ या काळातल्या ब्रिटनमधल्या विमाधारक पुरुषांचा मृत्यू-तक्ता, म्हणजे कोणत्या वयाला मृत्युदर किती ते सांगणारा, परीक्षेच्या तक्त्यांच्या पुस्तकात छापलेला. पुण्यात मॅडमनी आपला भारतीय विमाधारकांचा २०१२-१४ चा तक्ता दिला आणि म्हणाल्या, मृत्युदराचा लॉग घेऊन वयासमोर आलेख काढा. विशीत रेषा वळवळते, पण पुढे मधल्या वयांत बरीच सरळ होत जाते. बेंजामिन गोम्पर्ट्झने १८२५ मध्ये मांडलेला नियम हाच, की वय वाढतं तसा मृत्युदर ठरावीक पटीने वाढत जातो. मग शेजारी एएम९२ ची रेषा काढायला सांगितली. चाळिशीला ब्रिटिश तक्त्यात वर्षाला मृत्यू हजारी एकाहून कमी, आपल्यात दीडहून जास्त. दोन्ही रेषा एका कागदावर पाहिल्यावर तक्ता म्हणजे नुसते आकडे नसून कुठल्यातरी माणसांची मोजदाद आहे, हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

त्याचा उपयोग पुढच्याच उन्हाळ्यात झाला. एका सल्लागार अ‍ॅक्चुअरींच्या छोट्या ऑफिसात दोन महिने काम केलं. चाकणच्या एका कारखान्याच्या ग्रॅच्युइटीचं मूल्यांकन होतं. सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार हा हिशोब कायद्यात आहेच, पण आज किती रक्कम बाजूला ठेवायची ते कामगाराचं वय, निवृत्तीला उरलेली वर्षं आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण यावर ठरतं. संख्याशास्त्राच्या सवयीने मी आधी जन्मतारखांची वारंवारता काढली, तर १ जून या एकाच तारखेचा नुसता सुळका. दिल्लीहून काम तपासणारे सर म्हणाले की कुणीतरी एक्सेलमध्ये तारीख खाली ओढली आहे, यादी परत पाठवा. मला मात्र ती तारीख ओळखीची होती. माझ्या दोन्ही काकांची जन्मतारीख १ जूनच आहे. शाळेत नाव घालताना नक्की तारीख माहीत नसायची, शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी १ जून लिहायचे. ज्यांची तारीख १ जून होती ते बहुतेक पंचेचाळिशीच्या पुढचे निघाले, तरुण पोरांच्या तारखा वर्षभर विखुरलेल्या होत्या. म्हणजे यादी बरोबर होती, वय मात्र अंदाजाचं होतं. निवृत्तीचा दिवस कागदावरच्या तारखेनेच ठरतो, त्यामुळे हिशोब तसाच ठेवला आणि अहवालात तशी टीप गेली.

मुंबईच्या वर्गात राहिलो असतो तर हे सुचलं नसतं, असं मी म्हणणार नाही. मला सुचलं ते त्या प्रॅक्टिकलच्या सवयीमुळे, एवढं नक्की.

आणखी एक बाजू, जी अठराव्या वर्षी कुणी ऐकून घेत नाही. पेपर मधेच थांबतात. हुशार मुलांचेही थांबतात. तेव्हा हातात संख्याशास्त्राची पदवी असेल तर एमएस्सी संख्याशास्त्र आहे, इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा आहे, जिच्या पात्रतेत संख्याशास्त्र हा विषय लागतो, आणि डेटाच्या नोकऱ्या आहेत. अ‍ॅक्चुरिअल सायन्सच्या पदवीवर यातली काही दारं प्रत्येक ठिकाणी विचारून उघडावी लागतात.

माझा कल कुठे आहे ते लपलेलं नाही. तरी बहिणीला मी "हेच घे" असं म्हटलेलं नाही. तिला गटात बसून अभ्यास करायची सवय आहे, माझ्यासारखी एकलकोंडी ती नाही, आणि मुंबईत मामाचं घर कॉलेजपासून वीस मिनिटांवर आहे. तिला एवढंच सांगितलं, की कॉलेजला ईमेल करून दोन गोष्टी लेखी विचारून घे. कोणत्या पेपरला किती मार्कांवर सूट मिळते, आणि इन्स्टिट्यूटच्या परीक्षेच्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा पुढे ढकलता का. पुण्याची पहिली यादी सोमवारी लागते आहे. ईमेलचं उत्तर अजून आलेलं नाही.