दुधाच्या फ्रीजवर नजर ठेवायला काय घ्यायचं: थर्मामीटर, स्मार्ट प्लग की ईएसपी३२?

आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अन् लाइन कधी जाईल याचा भरोसा नाही, म्हणून दूध-पनीर ठेवणाऱ्यानं फ्रीजवर नजर ठेवलीच पाहिजे.

सर्वात स्वस्त म्हणजे वायरवाला डिजिटल थर्मामीटर, कमाल-किमान दाखवणारा. सकाळी बघितलं की रात्री किती चढलं ते कळते, पण तोवर दूध फाटलेलं असते.

स्मार्ट प्लग, म्हणजे वायफायवर मोबाइलला जोडलेला प्लग, लावायला सोपा, वीज मोजणारा असंल तर कॉम्प्रेसर किती वेळ चालला ते मोबाइलवर दिसते. घ्यायचा तर १६ अँपिअरचाच घ्या, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढतो. आणि एक सेटिंग आठवणीनं बघा, लाइन परत आल्यावर प्लग आपोआप चालू झाला पाहिजे, नाहीतर लाइन येते अन् फ्रीज बंदच राहते. शिवाय आतलं तापमान त्याला कळतच नाही.

मी स्वतः ईएसपी३२ वापरून राहिलो, म्हणजे सेन्सर जोडून प्रोग्रॅम करायचा वायफायवाला छोटा बोर्ड. डीएस१८बी२० चा तापमान मोजणारा वॉटरप्रूफ सेन्सर पाण्याच्या बाटलीत बुडवून आत ठेवला, म्हणजे दार उघडलं की आकडा लगेच उड्या मारत नाही, अर्ध्या डिग्रीच्या फरकानं बरोबर सांगतो (त्याला लागणारा ४.७ के, म्हणजे ४७०० ओहमचा रेझिस्टर विसरू नका). डीएचटी११ हा दुसरा सेन्सर घेऊच नका, २ डिग्री इकडंतिकडं दाखवते अन् शून्याखालचं तर मोजतच नाही. करंट मोजायला एससीटी-०१३ चा क्लॅम्प, म्हणजे वायरला चिमट्यासारखा लावायचा सेन्सर, तो एकाच वायरवर बसवायचा, दोन्ही वायर आत घेतल्या तर आकडा शून्यच येते. वायर सोडवायचं काम मेन स्विच बंद करून वायरमनकडूनच करून घ्या.

याचा फायदा मला मागच्या उन्हाळ्यात कळला. भाव वाढंल म्हणून घरात कापूस भरून ठेवला होता, एका रात्री बघतो तर कॉम्प्रेसर पाऊण तास झाला तरी थांबून नाही राहिला, एरवी १५ मिनिटांत थांबते, आणि तापमान मात्र अजून ४ च. टॉर्च घेऊन मागं वाकून बघितलं तर कंडेन्सरच्या, म्हणजे फ्रीजमधली गरमी बाहेर टाकणाऱ्या जाळीवर कापसाच्या रेषांचा फेल्टसारखा थर, ब्रशनं काढला अन् अर्ध्या तासात तो थांबला. नुसता थर्मामीटर असता तर सकाळीच कळलं असतं.

सोल्डरिंग येत नसंल तर सिमवाला तयार लॉगर, म्हणजे तापमान नोंदवणारं यंत्र घ्या, महाग पडते, पण वायफाय लागत नाही. ईएसपी३२ ला मात्र पॉवर बँक अन् हॉटस्पॉटसाठी जुना मोबाइल लागतेच, लाइन गेली की राउटरही जाते ना.